जमिनीत गेलेली पाइल आणि कागदावरची नोंद
ठोकून बसवायच्या पाइल्सचे काम घेणाऱ्या कारागीर-ठेकेदारांसाठी एक पाठ

जपानमधील योकोहामा शहरात २०१४ साली एका निवासी संकुलातील रहिवाशांच्या लक्षात एक बारीकशी गोष्ट आली. दोन इमारतींना जोडणाऱ्या मार्गिकेचे कठडे एकमेकांशी जुळत नव्हते. फरक होता सुमारे दोन सेंटिमीटरचा. संकुल बांधून काही वर्षेच झाली होती. चौकशी सुरू झाली आणि २०१५ साली खरा प्रकार बाहेर आला. संकुलाखालच्या ४७३ पाइल्सपैकी ८ पाइल्स कठीण थरापर्यंत पोचल्या नव्हत्या किंवा त्यात पुरेशा शिरल्या नव्हत्या. त्याहून गंभीर बाब म्हणजे ७० पाइल्सच्या नोंदी बनावट निघाल्या. ज्या पाइलची नोंद घेतली गेली नाही किंवा हरवली, तिच्या जागी दुसऱ्या पाइलची नोंद चिकटवण्यात आली होती. शेवटी चारही इमारती पाडून नव्याने बांधाव्या लागल्या. सातशेहून अधिक घरांचा हा प्रश्न होता आणि पुनर्बांधणी २०२१ साली पुरी झाली.

त्या पाइल्स आधी भोक पाडून त्यात बसवलेल्या होत्या, घणाने ठोकलेल्या नव्हत्या. परंतु धडा दोन्हींना सारखाच लागू आहे. भिंत वाकडी असेल तर दिसते, स्लॅब गळला तर कळते. पाइल मात्र एकदा जमिनीत गेली की तिला पुन्हा कोणी पाहत नाही. तिच्याविषयी बोलणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे ती आत जाताना घेतलेली नोंद.

आपल्या समाजातील बरेच बांधव या कामाच्या आसपास आहेत. कोणी सळई बांधतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणाची क्रेन आहे, कोणी सिमेंट-खडी पुरवतो, कोणी पेटी ठेका घेतो. कोकणातील अनेकांनी आखाती देशांत रिगर, फिटर किंवा फोरमन म्हणून धक्क्यांची कामे केली आहेत. हात तयार असतात, पण करार कसा वाचावा आणि नोंद कशी ठेवावी हे कोणी शिकवलेले नसते. म्हणून काम चांगले करूनही नुकसान सोसावे लागते. हा पाठ त्यासाठीच आहे.

ठोकलेली पाइल कोठे चालते?

पाइलचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एकात जमिनीला भोक पाडून, माती बाहेर काढून, त्यात सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. दुसऱ्यात तयार पाइल घणाने ठोकून आत घालतात. माती बाहेर येत नाही, ती बाजूला आणि खाली दाबली जाते. ठोकायची पाइल लाकडाची, लोखंडाची किंवा आधी ओतून पक्क्या केलेल्या काँक्रीटची असते. तिसरी एक मधली पद्धत आहे. त्यात तळ बंद असलेली लोखंडी नळी ठोकून आत घालतात, काँक्रीट भरतात आणि नळी वर ओढून घेतात.

महाराष्ट्रात खडक बऱ्याच ठिकाणी उथळ आहे. काळ्या दगडात पाइल ठोकून शिरत नाही, म्हणून मुंबईच्या इमारतींखाली भोक पाडून केलेल्या पाइल्सच जास्त दिसतात. शिवाय दाट वस्तीत घणाचा हादरा शेजारच्या जुन्या भिंतींना सोसत नाही. ठोकलेल्या पाइलची जागा म्हणजे खाडीकाठ, बंदर, धक्का, मऊ गाळाची जमीन. तेथे भोक पाडले तर कडा ढासळतात, पाणी भरते. अशा ठिकाणी तयार पाइल ठोकून खालच्या मुरमावर किंवा घट्ट थरावर टेकवणे सोपे आणि खात्रीचे असते.

जमिनीची ओळख माती परीक्षणाच्या अहवालातून होते. त्यातील ‘एन’ हा आकडा नीट समजून घ्यावा. ६३.५ किलोचे वजन ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकतात आणि ठरावीक मापाची नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. तो आकडा म्हणजे ‘एन’. दोन-तीन आला तर चिखल आहे असे समजा. पन्नासच्या वर गेला तर थर चांगलाच घट्ट आहे. दर लिहिण्यापूर्वी हा अहवाल मागून घ्या. तो न पाहता दर देणे म्हणजे पोत्यातला माल न पाहता किंमत ठरवणे होय.

आधी लिहा, मग ठोका

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. पाइलचे बिल हातात पडायला महिने जातात, म्हणजे हा उधारीचाच व्यवहार झाला. तरीही आपल्याकडे ‘बघून घेऊ’ या दोन शब्दांवर कामे सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा ४० पाइल्सचे काम आहे. प्रत्येक पाइल ३०० बाय ३०० मिलिमीटरची आणि १२ मीटर लांब. म्हणजे एकूण ४८० मीटर. ठेकेदाराने सगळ्या पाइल्स एकदम ओतून ठेवल्या. ठोकायला लागल्यावर घट्ट थर साडेनऊ मीटरवरच लागला. प्रत्येक पाइलची अडीच मीटर लांबी वर राहिली, ती तोडून टाकावी लागली. एकूण १०० मीटर पाइल वाया गेली, म्हणजे कामाचा पाचवा हिस्सा. करारात ‘जमिनीत गेलेल्या लांबीचे पैसे’ एवढेच लिहिले असेल तर त्या शंभर मीटरचे सिमेंट, सळई आणि मजुरी ठेकेदाराच्या अंगावर पडते. नफा तर गेलाच, उचल घेतलेली असेल तर कर्जही होते. उलट थर खोल निघाला तर पाइल वाढवावी लागते, आणि जोड देण्याचा खर्च कोणाचा यावर भांडण होते.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, सगळ्या पाइल्स एकदम ओतू नयेत. जागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत दोन-तीन चाचणी पाइल्स आधी ठोकाव्यात, खोली कळली की उरलेल्यांची लांबी ठरवावी. दुसरा, करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात:

१. दर मीटरवर असावा. ओतलेली लांबी, ठोकलेली लांबी आणि तोडलेली लांबी यांचे दर वेगवेगळे लिहावेत.
२. रिग आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा असावा.
३. ड्रॉइंग, जागा किंवा परवानगी न मिळाल्याने रिग उभी राहिली तर दिवसाचे किती पैसे मिळणार ते लिहावे.
४. पाइल मोडली तर जबाबदारी कोणाची? काँक्रीट कच्चे किंवा घण चुकीचा असेल तर ठेकेदाराची. जमिनीखाली जुने बांधकाम किंवा मोठा दगड लागला तर मालकाची.
५. भार चाचणी कोण करणार? पाइल पास झाली तर खर्च कोणाचा आणि नापास झाली तर कोणाचा?
६. ठोकणे कोठे थांबवायचे, म्हणजे किती घावांत किती मिलिमीटर, हा आकडा अभियंत्याने लेखी द्यावा.
७. रोजच्या नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या त्याच दिवशी व्हाव्यात.

पेटी ठेकेदाराने मुख्य ठेकेदाराच्या करारातील पाइलविषयीची पाने मागून वाचावीत. वरच्या करारात एक आणि खालच्या बोलण्यात दुसरेच असेल तर मार नेहमी खालच्यालाच बसतो.

पाइल ओतताना

ठोकायच्या काँक्रीट पाइलसाठी भारतीय मानक २९११ मधील भाग १, विभाग ३ लागू होतो. त्याची सुधारित आवृत्ती २०१० सालची आहे. टेंडरमध्ये नुसता आकडा असतो, आत काय आहे ते थोडक्यात पाहू.

उभी सळई पाइलच्या लांबीवर ठरते. लांबी जाडीच्या ३० पटींहून कमी असेल तर काँक्रीटच्या छेदाच्या १.२५ टक्के, ३० ते ४० पटींत १.५ टक्के आणि ४० पटींहून जास्त असेल तर २ टक्के सळई किमान हवी. आपल्या उदाहरणात १२ मीटर भागिले ०.३ मीटर म्हणजे ४० पट. छेद ९०,००० चौरस मिलिमीटर, त्याचे १.५ टक्के म्हणजे १,३५० चौरस मिलिमीटर. २० मिमीच्या ४ सळया घातल्या तर १,२५७ भरतात, म्हणजे कमी पडतात. १६ मिमीच्या ८ सळया घातल्या तर १,६०८ भरतात, काम होते. वजनात फरक पडतो पाइलमागे सुमारे ३३ किलोचा. ‘चार बार वीसचे, चालून जाईल’ असे सांगणारा फिटर प्रत्येक साइटवर भेटतो. ही सळई फक्त इमारतीचा भार घेण्यासाठी नसते. उचलताना वाकण्याचा आणि ठोकताना बसणाऱ्या घावांचा ताणही तिलाच घ्यायचा असतो.

रिंगा मधल्या भागात विरळ चालतात, परंतु दोन्ही टोकांना जाडीच्या तिप्पट अंतरापर्यंत, म्हणजे येथे ९० सेंटिमीटरपर्यंत, दाट हव्यात. मानकानुसार टोकांना रिंगांचे प्रमाण त्या भागातील काँक्रीटच्या आकारमानाच्या ०.६ टक्के आणि मध्ये ०.२ टक्के असावे. कव्हर ४० मिमी, आणि खाऱ्या पाण्यात ५० मिमीहून कमी नको. खाडीच्या कामात कव्हर चोरणे म्हणजे पाइलला आजच गंज देणे.

पाइलचे डोके अगदी सपाट आणि अक्षाशी काटकोनात असले पाहिजे. डोके तिरके असेल तर घाव एका कडेवर बसतो आणि काँक्रीट फुटते. सळयांची टोके सारख्या पातळीवर ठेवा. एखादी सळई वर आली असेल तर घाव तिलाच बसून ती काँक्रीट उकलून टाकते. एक पाइल मध्येच थांबून दोन टप्प्यांत ओतू नये. क्युरिंगला गोणपाट आणि पाणी यांत कंजुषी नको. साध्या सिमेंटची पाइल २८ दिवस पुरे होण्याआधी ठोकायला काढू नये. प्रत्येक पाइलवर क्रमांक, लांबी आणि ओतल्याची तारीख ओल्या काँक्रीटमध्येच कोरावी. ‘ही कधीची?’ या प्रश्नाला मुकादमाच्या आठवणीने उत्तर मिळू नये, पाइलनेच ते द्यावे.

उचलताना

आपल्या उदाहरणातील पाइलचे आकारमान १.०८ घनमीटर, वजन सुमारे २.७ टन. एवढी लांब पाइल आडवी उचलताना ती स्वतःच्या वजनाने वाकते. दोर कोठे बांधला यावर ती टिकणार की तडकणार हे ठरते. दोन ठिकाणी धरायची असेल तर प्रत्येक टोकापासून लांबीच्या ०.२०७ पट अंतरावर, म्हणजे १२ मीटरच्या पाइलला सुमारे अडीच मीटरवर. एका ठिकाणी धरून उभी करायची असेल तर डोक्यापासून ०.२९३ पट, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवर. या खुणा ओततानाच लाल रंगाने करून ठेवाव्यात. थप्पी लावतानाही टेकू याच दोन-ठिकाणच्या खुणांवर आणि एकाखाली एक सरळ रेषेत यावेत. उचलताना पडलेली केसासारखी तडा वरून दिसत नाही, आणि खाऱ्या पाण्यात तीच पुढे सळई खाते.

वजनदार घण, कमी उंची

साइटवर एक गैरसमज रूढ आहे. घण हलका असला तरी उंचावरून टाकला की झाले, असे म्हणतात. हिशोब करून पाहू. ३ टनांचा घण १ मीटरवरून आणि दीड टनाचा घण २ मीटरवरून टाकला तर शक्ती कागदावर सारखीच येते. पण आदळण्याचा वेग पहिल्यात सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, तर दुसऱ्यात सुमारे ६.३ मीटर. डोक्यावरचा ताण वेगाबरोबर वाढतो. म्हणून हलका घण डोके फोडतो आणि पाइल आत जात नाही, तर वजनदार घण तिला शांतपणे आत ढकलतो. उंची १.२ मीटरच्या आत, शक्यतो १ मीटरच ठेवावी. घणाचे वजन पाइलच्या वजनाच्या जवळपास असले तर उत्तम, आणि जमेल तेथे निम्म्याहून कमी नको.

घण आणि पाइल यांच्यामध्ये लोखंडी टोपी आणि तिच्यात लाकडी गादी असते. टोपी सैल बसावी, कारण घट्ट बसलेली टोपी पाइलला पिळते. गादी जळून, चेपून दगडासारखी झाली की बदलावी. परंतु शेवटचे मोजमाप घेण्याच्या अगदी तोंडावर नवी गादी घालू नये. नवी गादी घावाची शक्ती पिऊन टाकते आणि पाइल खरोखर थांबली नसतानाही थांबल्यासारखी दिसते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पाइल मऊ चिखलातून सहज जात असते तेव्हाच ती मोडण्याचा मोठा धोका असतो. घावाची लाट काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने खाली जाते. खाली अडवायला कठीण थर नसेल तर ती ओढणारी लाट होऊन परत येते. १२ मीटरच्या पाइलमध्ये हा फेरा सेकंदाच्या हजार भागांपैकी सहा भागांत पुरा होतो. काँक्रीट दाब सोसते, ओढ सोसत नाही, म्हणून आडव्या तडा जातात. तेव्हा सुरुवातीच्या मऊ थरात घणाची उंची कमी ठेवा. पाइल झपाझप जात आहे म्हणून चालकाने खूश होऊन उंची वाढवली तर नुकसान पाइलच्या पोटात होते आणि वर कोणाला दिसत नाही.

पाइल ओळंब्यात आहे की नाही हे पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच दोन बाजूंनी पाहा. उभ्या पाइलला कल १.५ टक्क्याच्या आत हवा. नंतर दोराने ओढून सरळ करण्याचा प्रयत्न केला तर पाइल मोडते.

कोठे थांबायचे?

शेवटच्या दहा घावांत पाइल किती मिलिमीटर आत गेली, याला ‘सेट’ म्हणतात. समजा अभियंत्याने दहा घावांना २५ मिमी दिले आहेत. म्हणजे दहा घावांत पाइल २५ मिमी किंवा त्याहून कमी गेली पाहिजे, तेही ठरलेल्या घणाने, ठरलेल्या उंचीवरून. उंची कमी करून आणलेला सेट हा मापात मारलेला काटा आहे. मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको.

मोजण्याची सोपी रीत अशी. पाइलवर कागद चिकटवा. समोर पाइलला न लागता एक सरळ फळी रोवा. फळीवर पेन्सिल टेकवून घाव बसत असताना आडवी सरकवा. कागदावर उड्या मारणारी रेघ उमटते. प्रत्येक उडीत पाइल किती गेली आणि किती परत उसळली, दोन्ही दिसतात. पडणाऱ्या घणाखाली माणूस उभा राहतो, म्हणून टोपी, दोर आणि ब्रेक तपासल्याशिवाय हे मोजमाप घेऊ नये.

जमीन मात्र फसवते. चिकणमातीत ठोकताना पाण्याचा दाब वाढतो आणि पाइल सहज जाते, पण काही दिवसांनी माती तिला घट्ट धरते. म्हणून अशा जमिनीत पाइल अर्धवट सोडून घरी जाऊ नये, सकाळी ती हलत नाही. उलट पाण्याने भरलेल्या दाट, बारीक वाळूत पाइल लगेच थांबल्यासारखी दिसते आणि काही वेळाने तिची पकड सैल होते. अशा जमिनीत एक-दोन दिवसांनी पुन्हा काही घाव घालून सेट तपासावा. त्या फेरतपासणीचे पैसेही करारात लिहावेत.

पाइल्स जवळजवळ असतील तर मधल्या आधी ठोकाव्यात आणि बाहेर यावे. बाहेरून आत आलात तर मधली माती कोंडते आणि शेवटच्या पाइल्स जात नाहीत. शेजारी इमारत असेल तर तिच्या बाजूने सुरुवात करून दूर जावे. काम सुरू होण्यापूर्वी तिच्या तडांचे फोटो शेजाऱ्यासमोर काढून ठेवावेत. नवी पाइल ठोकताना आधीची वर उचलली जाऊ शकते. म्हणून ठोकलेल्या प्रत्येक डोक्याची पातळी लिहून ठेवा आणि शेवटी पुन्हा मोजा. वर आलेली पाइल पुन्हा ठोकावीच लागते.

नोंदवहीत काय असावे?

प्रत्येक पाइलला एक पान द्या. त्यावर पाइलचा क्रमांक आणि जागा, ओतल्याची व ठोकल्याची तारीख, लांबी, घणाचे वजन, टाकण्याची उंची, प्रत्येक अर्ध्या मीटरला लागलेले घाव, थांबण्याची वेळ व कारण, गादी कधी बदलली, शेवटच्या दहा घावांचा सेट, डोक्याची पातळी आणि तोडलेली लांबी एवढे लिहा. शेवटी दोन सह्या घ्या. नोंद घणाजवळ उभे राहून लिहायची असते, संध्याकाळी चहा पिताना आठवून नव्हे. कागद भिजला किंवा एखादी नोंद राहून गेली तर ‘नोंद राहिली’ असे लिहा आणि अभियंत्याला कळवा. राहिलेली नोंद फेरतपासणीने भरून निघते, खोटी नोंद कशानेच भरून निघत नाही. योकोहामात हेच घडले. आठ पाइल्स आखूड पडल्याने घात झालाच, परंतु सत्तर नोंदी खोट्या निघाल्यामुळे उरलेल्या पाइल्सवरचाही विश्वास उडाला.

खरी परीक्षा भार चाचणीत होते. ती मानक २९११ च्या भाग ४ मध्ये आहे आणि त्याची सुधारित आवृत्ती २०१३ सालची आहे. सुरुवातीच्या चाचणी पाइलवर ठरलेल्या भाराच्या अडीचपट भार देतात. कामातल्या पाइल्सपैकी काही निवडून त्यांवर दीडपट भार देतात. त्यांची संख्या सामान्यतः एकूण पाइल्सच्या अर्धा टक्का असते आणि गरजेप्रमाणे दोन टक्क्यांपर्यंत वाढवता येते. दोनशे पाइल्समागे एका पाइलची परीक्षा होणार, उरलेल्या १९९ पाइल्सची साक्ष तुमची वहीच देणार.

पद्मेच्या पात्रातला धडा

मोठ्या कामातही जमीन आपला हिशोब बदलायला लावते. बांगलादेशातील पद्मा पूल २०२२ च्या २५ जूनला खुला झाला. मुख्य पूल ६.१५ किलोमीटर लांब आहे. पात्रातील खांबांखाली तीन मीटर व्यासाच्या लोखंडी नळ्या तिरक्या ठोकलेल्या आहेत, काही सुमारे १२० मीटर खोल. पुराच्या वेळी ही नदी तळ खूप खोलवर खरवडते, म्हणून एवढी खोली लागली. काम सुरू झाल्यावर काही खांबांच्या जागी खोल चिकणमातीचे थर निघाले. तेथे ठरलेली पाइल ठरलेला भार घेईल याची खात्री देता येईना. अभियंत्यांनी आकडे जुळवून घेण्याचा मार्ग धरला नाही. काम अडले, उशीर झाला, पण आराखडा बदलला आणि २२ खांबांखाली सहाऐवजी सात पाइल्स घातल्या. जमिनीने सांगितलेले मान्य करण्यात कमीपणा नसतो. छोट्या ठेकेदारानेही सेट मिळत नसेल तर लगेच लेखी कळवावे. वाढीव पैसे मागण्याचा हक्क त्या पत्राने शाबूत राहतो आणि इमारतही वाचते.

शेवटी एवढेच

ठोकणे संपल्यावर पाइलचे फुटके डोके छिन्नीने काढून पक्के काँक्रीट लागेपर्यंत खाली यावे. सळया मोकळ्या कराव्यात आणि पाइलचे काँक्रीट वरच्या कॅपमध्ये किमान ५० मिमी शिरलेले असावे. कॅप ओतली की पाइल कायमची दृष्टीआड होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना आतली ओल लागली, ही हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. विक्रेत्याने पावसाचे कारण दिले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यात स्थान नाही असे बजावले. पाइलच्या धंद्यात तर सगळाच माल ढिगाखालचा असतो. ओल वर आणून ठेवण्याचा आपल्याकडे एकच मार्ग आहे, खरी नोंद.

ज्यांना या कामात उतरायचे आहे त्यांनी मोठी रिग घेण्याआधी शंभर पानांची एक जाड वही घ्यावी, हातच्या चालू कामातील प्रत्येक पाइलची नोंद आजपासून लिहावी आणि संध्याकाळी मालकाच्या माणसाची सही घ्यावी. बिलाच्या वेळी ही वही पैसे मिळवून देईल. पुढे कधी कोणी बोट दाखवले तर हीच वही इज्जत राखील. कमाई हलाल असेल आणि हिशोब स्वच्छ असेल तर त्यात बरकत येते, इन्शाअल्लाह.